अर्धा मिलिमीटर

ब्र्नो शहरात, झिडेनित्से भागात, तिसऱ्या मजल्यावर
रादाना एका बाटलीला म्हातारी करते आहे.
बाटली तीन वर्षांची. आत एल्डरफ्लॉवरचं सरबत.
सकाळी गिऱ्हाइकाची मेल आली :
छानच झालंय. फक्त
आणखी जरा जुनं करता येईल का?
साधारण बासष्ट सालचं.
बजेट तेवढंच.

किती जुनं म्हणजे जुनं?
आधी जातो पांढरा. त्याच्या जागी येतो
चहात बुडवून काढलेल्या बिस्किटाचा रंग.
मग काळा उतरतो,
वर्षानुवर्षं उन्हात टेकवून ठेवलेल्या सायकलीइतका.
लालापाशी ती थांबते.
बुटांच्या खोक्यात काड्यापेट्यांची लेबलं आहेत,
रविवारच्या जुन्या बाजारातून वजनावर घेतलेली.
एकावर खार पैसे साठवते.
एकावर मुलगा रस्ता ओलांडण्याआधी
दोन्हीकडे बघतो.
एकावर नुसतंच, दात घासा.
किती थोड्या रंगांत
किती काळजी करत होती ही माणसं!

ती लाल थर पेनच्या टोकावर उचलते
आणि डावीकडे सरकवते
अर्धा मिलिमीटर.
लेबलावरच्या मुलीचे ओठ
मुलीच्या ओठांतून किंचित बाहेर येतात.
झालं. बासष्ट साल.

दारावर टकटक. चुकून खाली गेलेलं पार्सल घेऊन
पान ह्लाव्हिंका.
तिथे पान म्हणजे श्रीयुत, आपल्याकडे कागदाची एक बाजू.
या गृहस्थांना दोन्ही लागू :
एकतीस वर्षं छापखान्यात, चार रंगी मशीनवर.
चष्मा कपाळावरून नाकावर येतो.
"मशीन बिघडलंय तुझं."
"नाही हो. मुद्दाम केलंय."
"मुद्दाम?"
जणू डॉक्टरनं सांगावं,
ताप मीच दिलाय, शोभून दिसतो म्हणून.

मग ते बोलत राहतात, पार्सल हातातच.
हिवाळ्यात कागद आकसायचा,
म्हणून पहाटे झारीनं फरशी भिजवायची.
ओठांत ओठ बसले नाहीत तर
पगारातून ताव कापायचे.
लेबलांचं खोकं ती पुढे करते, पुरावा म्हणून :
हे बघा, तुमच्या वेळचंच, सगळं सरकलेलं.
ते हसत नाहीत.
"बाई, चांगले ताव गेले गिऱ्हाइकाकडे.
लोकांनी काडी ओढली, पेटी फेकली.
फसलेले आम्ही घरी आणायचो.
पाठकोरे. मुलांना."

ते गेल्यावर ती एक लेबल उलटं करते.
दुसरं. नववं.
खारीच्या पाठीमागे पेन्सिल :
सात अधिक आठ बरोबर चौदा.
खोडलेलं नाही. कुणी तपासलेलंही नाही.

फाइल ती तशीच पाठवते, ओठ सरकलेलीच.
घरभाडं सरकत नाही.
गिऱ्हाइक लगेच कळवतं : हेच! किती खरं वाटतंय!
(पैसे पंचेचाळीस दिवसांनी.)

पण संध्याकाळी नदीपलीकडच्या स्टुडिओत,
चौघांनी मिळून घेतलेल्या जुनाट छपाईयंत्रावर
ती तीच मुलगी पुन्हा छापायला घेते.
आधी काळा. मग लाल. सरळ.
लाल ऐकत नाही.
एकदा वर, एकदा खाली, एकदा गालावर,
कॉम्प्युटरवर जे एका बोटाचं काम होतं
त्यासाठी इथे कंबर मोडते.
अकरा ताव वाया. बाराव्याला
ती श्वास धरते आणि मग सोडते.
शेवटच्या ट्रामनं परत येऊन
तो ताव खालच्या दाराच्या फटीतून आत सरकवते.

सकाळी तो तिच्या पायपुसण्यावर.
चिठ्ठी नाही, शाबासकी नाही.
मुलीच्या खालच्या ओठाच्या कोपऱ्यात
टोकदार पेन्सिलीचं बारीक वर्तुळ,
आणि शेजारी, शिस्तीच्या अक्षरात :

इथे. अजून केसभर.